सुट्ट्या पैशांचा प्रताप

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि मोबाईलवरून पैसे देण्याचं सगळं श्रेय आपण नोटाबंदीला देऊन मोकळे झालो. मला ते पुरतं पटत नाही. नंतर नोटा पुन्हा मुबलक झाल्या, तरी कोड स्कॅन करणं काही थांबलं नाही. खरा जोर लावला तो सुट्ट्या पैशांनी. दोन रुपयांऐवजी हातावर चॉकलेट टेकवणारा वाणी आणि तिकिटामागे बाकी लिहून देणारा एसटीचा कंडक्टर, या दोघांनी आपल्याला जेवढं डिजिटल केलं तेवढं कुठल्या जाहिरातीनं केलं नसेल. (ती बाकी मागायचं विसरून स्टँडवर उतरलेल्यांना विचारा!)

फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये मांडलं होतं, की माणूस नवं तंत्र वापरतो ते उपयोगाचं आणि सोपं वाटलं तर. आणि त्यातही उपयोगाचं पारडं जड. आमच्या मंडईतल्या मावशींना हे कुणी सांगायला नको. सुरुवातीला गिऱ्हाईक मोबाईल नाकासमोर धरायचं, ‘गेले बघा पैसे’. मावशींचा चष्मा घरी, हात मेथीच्या मातीनं भरलेले. मान डोलवायच्या, पण नजरेत संशय. मग तो बोलणारा डबा आला. आता वांगी तोलता तोलता त्या कान देतात. डबा ‘चाळीस रुपये’ म्हणाला की पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात. वाचता येण्याची अट गेली, मुख्य म्हणजे गिऱ्हाइकावर विश्वास ठेवण्याचीही.

तरीही दुपारनंतर मावशी हळूच विचारतात, “रोख आहे का गं?” सकाळी कुणालाच न मिळालेले सुट्टे तेव्हा पोत्याखालून बरोब्बर निघतात. मला वाटायचं, पहाटे माल घ्यायला रोख लागत असेल. तेही आहेच. पण कोड मुलाच्या खात्याचा आहे. दिवसभर डबा मावशींच्या कानाशी ओरडतो आणि पैसे पडतात त्याच्या मोबाईलमध्ये.

“गुणाचाय पोरगा,” मावशी म्हणाल्या, “पण चपला घ्यायच्या तरी त्याच्याकडं मागायचं, व्हय?”

तुमच्याच खात्याचा कोड काढून देऊ का, असं विचारलं तर म्हणाल्या, काढू की, दिवाळी होऊ दे. कुठली दिवाळी, ते त्यांनी सांगितलं नाही.