कितनी मूर्ति?

नर्मदा परिक्रमेत संध्याकाळी एखाद्या आश्रमाच्या दारात उभे राहिले, की बहुतेक वेळा नाव-गाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो : "कितनी मूर्ति हैं?" परिक्रमावासींना तिथे मूर्ती म्हणून मोजतात आणि त्या आकड्यावर रात्रीची आसने, सदाव्रताचा शिधा, सारे ठरते. २०२२ साली देवउठनी एकादशीनंतर आम्ही ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, तेव्हा माझे उत्तर "तीन" असे होते : मी, बँकेतील माझी जुनी मैत्रीण आणि तिचे थोरले भाऊ, ज्यांना मीही दादाच म्हणते. गोमुख घाटावर पूजा करून तिघांनी परिक्रमा पूर्ण झाल्यावर ओंकारेश्वरला वाहायचे जल आपापल्या कुपीत भरून घेतले आणि मैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तीराने पश्चिमेकडे चालू लागलो.

रावेरखेडीला पोहोचेपर्यंत मैत्रिणीचा उजवा गुडघा सुजला होता. २८ एप्रिल १७४० रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, थोरले बाजीराव तिथे तापाने गेले. त्यांच्या समाधीजवळ आम्ही बराच वेळ बसलो, आणि तिथून उठताना मैत्रिणीला माझा खांदा धरावा लागला. पुढचे सहा दिवस ती दोरखंडासारखा घट्ट पट्टा बांधून चालली. खलघाटच्या पुलाजवळ तिने थांबायचे ठरवले. आग्रा-मुंबई महामार्ग तिथे नदी ओलांडतो, आणि दक्षिण तीरावरूनच धुळ्याकडची बस मिळत असल्यामुळे परतताना मैया ओलांडावी लागणार नव्हती. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही, या नियमाचा तिच्या मनावर इतका पगडा होता, की घरी जातानाही तिने तो सांभाळला. तिने आपली कुपी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तेवढी सांभाळ." आम्ही एक रात्र तिच्याबरोबर काढली. सकाळी तिला बसमध्ये बसवून दिले आणि नऊ वाजायच्या आत वाटेला लागलो. त्या रात्री मी "दो मूर्ति" म्हणाले, आणि खरे सांगायचे तर ते उच्चारताना मला फारसे जड गेले नाही.

बडवानी मागे पडल्यावर शूलपाणीच्या झाडीत, सातपुड्याच्या चढांवर, मला पहिल्यांदा हीव भरले. भर दुपारी दात वाजू लागले, दोन पांघरुणे घेऊनही थरथर थांबेना, मग अंग भट्टीसारखे तापले आणि रात्री घामाने आसन भिजले. दुसऱ्या दिवशी मात्र मी ठणठणीत होते, म्हणून चालले. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. आपल्याकडची जुनी माणसे याला एकांतरा ताप म्हणतात, हे मला ठाऊक होते. तरीही मधल्या बऱ्या दिवसावर विश्वास ठेवून मी आणखी दोन दिवस डोंगर चढले, ही माझी मोठी चूक झाली. शेवटी धडगावच्या अलीकडे एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या ओट्यावर मी आडवी झाले आणि उठवेना. त्या घरच्या मुलाने मला मोटारसायकलवर बसवून, मागून दादांनी धरून, सरकारी दवाखान्यात नेले.

बोटाला टोचून रक्त घेतले, तपासणी झाली, हिवताप निघाला, व्हायव्हॅक्स जातीचा. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे तो डास निमाडातल्या कुठल्यातरी धर्मशाळेतला असणार. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. परिक्रमेला निघणाऱ्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे, असे मला कळकळीने वाटते : तीन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस उरलेल्या गोळ्या टाकून देतो, पण या तापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतात. १४ दिवसांचा तो कोर्स त्यांच्यासाठी असतो.

दादांचा संकल्प १०८ दिवसांचा होता. ते दोन दिवस थांबले. तिसऱ्या पहाटे आसन गुंडाळून माझ्या उशाशी आले आणि म्हणाले, "ताई, मी निघतो. मैया आहे तुमच्याजवळ." मी भिंतीकडे तोंड फिरवले. नंतर त्यांची काठी फरशीवर वाजत लांब गेलेली ऐकली. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, की तापापेक्षा त्यानेच मला जास्त थकवले. रात्री झोळीतून गोळ्या काढताना हाताला दोन कुप्या लागल्या, एक माझी आणि एक मैत्रिणीची. तेव्हा खलघाटची सकाळ आठवली. तिच्यासाठी मी एक रात्र थांबले होते. दादा माझ्यासाठी दोन रात्री थांबले होते.

पाचव्या दिवशी दोन फर्लांग चालून पाहिले. सहाव्या दिवशी, ज्या ओट्यावरून दवाखान्यात गेले होते तिथपर्यंत परत जाऊन, तिथूनच चालायला सुरुवात केली, कारण मधले अंतर मोटारसायकलवर झाले होते. त्या ओट्यावर खरगोनकडच्या एक साठीच्या बाई आपल्या दिरांबरोबर उतरल्या होत्या. त्यांनी मला फार काही विचारले नाही. सदाव्रतात मिळालेल्या मूठभर तांदळाची पातळ पेज केली, पदराच्या गाठीतून चिमूटभर मीठ सोडले आणि भांडे माझ्यापुढे सरकवले. "माताराम, पहले ये, फिर गोली." गोरा कॉलनीपर्यंत त्या रोज याच क्रमाने मला खाऊ घालत राहिल्या. माझ्या चालीने चालण्यासाठी त्या वळणावर थांबत आणि थांबल्याचे दिसू नये म्हणून वाळकी काटकी शोधत बसत. गोऱ्याला त्यांच्या गावची मंडळी भेटली आणि त्या त्यांच्याबरोबर पुढे गेल्या. या वेळी मी तोंड फिरवले नाही. त्यांच्या पाया पडले. त्यांनी पदराची गाठ सोडून उरलेले मीठ माझ्या डबीत ओतले.

पुढे नदी समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहताना, उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरताना, उत्तर तीरावर अमरकंटकपर्यंत आणि परतीच्या दक्षिण तीरावर माझे उत्तर कितीदा बदलले ते मोजले नाही. कधी चार, कधी दोन, पुष्कळदा एक. "एक मूर्ति" म्हटल्यावर सेवेकरी दारामागे बघत, आणखी कोणी आहे का ते पाहत.

मैत्रिणीची कुपी मी ओंकारेश्वरला वाहिली नाही, कारण तिची परिक्रमा पूर्ण झाली नव्हती. ती जशीच्या तशी तिला परत नेऊन दिली. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. परवा ती म्हणाली, की या कार्तिकात ती खलघाटला उतरणार आहे, जिथे थांबली होती त्याच तीरावर, आणि मी तिला माझ्या गोळ्यांचा रिकामा डबा स्वच्छ पुसून, मीठ भरून दिला आहे.