रजिस्टरातलं नाव

आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली. आईबापाला जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "अमक्याच्या लग्नाच्या साली, पोळ्याच्या आसपास." हेडसर पोराला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे, अंदाजानं साल धरायचे आणि 1 जून लिहून मोकळे व्हायचे. माझा जन्म असाच 1 जून 1962 चा. पुढं महसूल खात्यात लागलो तर तिथंही एक जूनवाले भरपूर. दर 31 मे ला टेबलामागून टेबल रिकामं व्हायचं. मी 2020 च्या मे अखेरीला निवृत्त झालो. लॉकडाऊन चालू होता, त्यामुळं हार नाही, नारळ नाही, भाषणं नाहीत. भाषणं टळली हे बरंच झालं.

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीनं 'शाळेनं मला काय दिलं' या विषयावर लिहायला सांगितलंय. संस्कार, शिस्त, मैदान यांवर बाकीचे लिहितीलच. मला शाळेनं एक कागद दिला, त्याबद्दल मी लिहितो. पण तो कागद का लागला हे सांगायचं तर 1871 पर्यंत मागं जावं लागेल. वर्गमित्रांनी सांभाळून घ्यावं.

त्या साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात 'गुन्हेगार' आहे असं सरकारनं राजपत्रात जाहीर केलं की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण गुन्हेगार. कुणी काय केलं, कधी केलं, साक्षीदार कोण, असला प्रश्नच नाही. आणि त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान द्यायची वाटही कायद्यानंच बंद करून टाकलेली. कारकुनी नजरेनं बघितलं तर काम चोख होतं. जिल्हा मॅजिस्ट्रेटनं रजिस्टर ठेवायचं, नोंदलेल्या माणसानं हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, चुकला तर शिक्षा. सुताराचं पोर सुतार होतं तसं चोराचं पोर चोर होणार, असा त्यामागचा हिशेब होता. आपल्याकडची जातीची उतरंड त्यांनी नीट हेरली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला. हे खापर एकट्या इंग्रजांच्या माथ्यावर फोडता येत नाही. आपल्या पाटील-सावकारांनाही ही व्यवस्था सोयीचीच होती.

कायदा सुरुवातीला उत्तरेत लागू झाला. 1897 च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापापासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा सरकारला मिळाली. त्याच साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी निघाली, आणि 1911 च्या नव्या कायद्यानं नोंदलेल्या माणसांचे ठसे घेणं आलं. हाच कायदा आपल्या मुंबई इलाख्यालाही लागला.

आम्ही कैकाडी. निरगुडीच्या फोकांच्या पाट्या, डाली, शेतकऱ्याच्या कणग्या विणायच्या, गाढवावर संसार टाकून गावोगाव फिरायचं. आमचे दक्षिणेतले भाऊबंद कोरवा. ते जनावरांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून विकायचे. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि तो धंदा बसला. धंदा बसलेला, जमीन नसलेला, आज इथं उद्या तिथं असणारा माणूस ज्या सरकारला शेतसारा हवा त्याला कसा चालेल? अशा माणसाला एका जागी बसवण्यासाठी सेटलमेंटी निघाल्या. विजापूर, हुबळी, गदग आणि आपलं सोलापूर. तारेचं कुंपण, आत ओळीनं खोल्या, शाळा, सुतारशाळा, आणि हजेरीची जागा. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडं होता. गिरण्या हाकेवर. 1877 सालच्या जुन्या मिलपासून पुढं गावात एकामागून एक मिली उभ्या राहिलेल्या, त्यांना हुकमी मजूर पाहिजे होते. सुधारणेची सुधारणा आणि मजुरांची सोय, दोन्ही एका दगडात.

माझा आज्जा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. पाळीवरून आला की हजेरी, पाळीला जायच्या आधी हजेरी. बार्शीला बहिणीच्या घरचं लग्न होतं तेव्हा त्यानं पास काढला. पासावर नाव, बापाचं नाव, कुठं जाणार, किती दिवस. बार्शीकडच्या गावात पोचल्यावर आधी पोलीस पाटलाच्या दारात जाऊन पासावर सही घ्यायची, मग मांडवात. पाटील शेतावर गेलेला. आज्जा त्याच्या ओट्यावर बसून राहिला आणि अक्षता पडून गेल्या. आज्जा ही गोष्ट हसत सांगायचा. आज्जी मात्र दर वेळी उठून आत जायची.

आज्जीचं स्वतःचं मत वेगळंच होतं, तेही लिहिलं पाहिजे. ती म्हणायची, "तारंच्या आत निदान रोजचा पगार हुता, पाण्याला नळ हुता, पोरास्नी साळा हुती. भाईर काय हुतं?" तारेबाहेर गावोगावच्या वेशीवर दगड खाल्लेल्या बाईचं हे बोलणं आहे. ते खोटं पाडायची माझी हिंमत नाही. पण पोरांना शाळा मिळावी म्हणून आईबापाचे ठसे घ्यावे लागतात, असं जगात दुसरीकडं कुठं चाललं असतं का?

मुंबई सरकारनं हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, आणि देशभरातून तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. आमची माणसं अजून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आपली शाळा त्याच सुमारास निघालेली. माझे वडील सेटलमेंटच्या शाळेत चौथी करून 1951 मध्ये आपल्या शाळेत पाचवीला आले, सहावीत शाळा सोडून मिलमध्ये लागले. म्हणजे तसे तेही माजी विद्यार्थी. हयात असते तर स्नेहभोजनाला त्यांनाही पास मिळाला असता, आणि या वेळी त्यावर पाटलाची सही लागली नसती.

कायदा गेला, पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी मुंबईचा दुसरा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नाही. ठाण्यातल्या हवालदाराला मात्र कुणाकडं जायचं ते पाठ होतं. आजही कुठं घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांवर जाते.

आपल्या शाळेतही त्याची झळ होती. मी आठवीत असताना एकदा सहलीचे गोळा केलेले पैसे गेले. वर्गशिक्षकांनी "सेटलमेंटची पोरं उभी राहा" म्हटलं. आम्ही उभे राहिलो. आमची दप्तरं पालथी झाली. माझ्या दप्तरातून बाकी काही नाही, ज्वारीची अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी सांडली. ते पैसे पुढं सापडले का, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. याच सरांनी 1978 ला माझी एस.एस.सी.ची फी खिशातून भरली आणि फॉर्मवर अक्षर नीट काढ म्हणून रागावले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी 1871 चा कायदा वाचला असेल असं मला वाटत नाही. तो न वाचताच त्यांच्यापर्यंत पोचला होता. माझ्या मते साम्राज्याचा खरा टिकाऊपणा इथं आहे. इमारती पडतात, पुतळे हलवता येतात, पण 'उभी राहा' हे दोन शब्द पुढची पिढी कुणी न शिकवता उचलते.

आता कागदाकडं येतो. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचा, दाखला पाहिजे असेल तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. आमच्या खात्याच्या भाषेत याला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातींची तारीख 1950 ची, ओबीसींची 1967 ची, आमची ही. आता फिरत्या माणसाकडं 1961 च्या आधीचा कागद कुठून येणार? सातबारा नाही, घरपट्टी नाही, जन्माची नोंद नाही, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी मी टेबलावर असताना पालावरची एक बाई आली होती. पोरगा बारावी पास झालेला, पुढच्या ॲडमिशनला दाखला पाहिजे. पिशवीत रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र, बाकी काही नाही. मी तिला म्हटलं, "मावशी, सासऱ्याचं नाव कुठल्या पोलीस ठाण्याच्या जुन्या रजिस्टरात असंल का, बघा." ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. तिच्या घरात सासऱ्याचं नाव पोलिसांच्या वहीत असणं ही आयुष्यभर लपवायची गोष्ट होती, आणि सरकारचाच माणूस तिला ते शोधून आणायला सांगत होता. ज्या रजिस्टरातून सुटायला आमचे आज्जे-पणजे धडपडले, त्यातच आपलं नाव निघावं म्हणून आता नातवंडं देवाला हात जोडतात.

आमच्या लेकीच्या जात पडताळणीला मी त्यातून वाचलो, तो आपल्या शाळेमुळं. वडिलांचा प्रवेश निर्गम उतारा मागायला आलो तेव्हा शिपाईमामांनी कपाटातून 1951 चं जनरल रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. निळ्या शाईत वडिलांचं नाव, जात 'हिंदू कैकाडी', राहण्याचं ठिकाण 'सेटलमेंट', आधीची शाळा तीच. जन्मतारीख अर्थातच एक जून. शेवटच्या रकान्यात शेरा: 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' नाव कमी केलं, पण खोडलं नाही. त्या एका ओळीवर माझी लेक इंजिनिअर झाली.

ओळीचं मोल जिल्ह्याप्रमाणं बदलतं, हेही जाता जाता सांगतो. आमचे विजापूरकडचे कोरवा पाहुणे कर्नाटकात अनुसूचित जातीत. अकोल्याकडचे कैकाडी सोयरे, विदर्भ म्हणून, तेही अनुसूचित जातीत. सोलापूरचे आम्ही विमुक्त जातीत. एकाच मांडवात जेवायला बसलो तर पंगतीत तीन पानांवर दोन वेगळ्या सवलती. इंग्रजांनी इलाख्याइलाख्यानं याद्या केल्या, आपण राज्याराज्यानं त्याच पुढं चालवल्या. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्रानं नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल 2008 ला आला, त्यानंतर इदाते आयोग झाला. दोन्ही अहवाल मी वाचलेत. नोकरीत असताना वाचले असते तर साहेब म्हणाले असते, काम नाही का?

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नियमांमधले जातीवरून कामं वाटणारे आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारे भाग रद्द केले. निकाल वाचताना मी चष्मा दोनदा पुसला. 1871 आणि 2024 यांतलं अंतर मोजायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

समितीला माझी एक मागणी आहे. अमृतमहोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान होणार असं पत्रकात वाचलं. कमान जरूर व्हावी. पण त्याआधी ती जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून घ्या. वाळवी कमानीसाठी थांबणार नाही. नुसत्या आमच्या वस्तीतली नाही, वडार, पारधी, कंजारभाट, कितीतरी घरांची 1961 आधीची एकुलती एक ओळ त्यात असेल. जुन्या कारकुनांचं अक्षर लावायला कुणी पाहिजे असेल तर मी रिकामाच आहे. दुपारी अकरा ते चार येऊन बसेन. स्कॅनिंगचा खर्च आमच्या 1978 च्या बॅचनं उचलायचं ठरवलंय, पावती मात्र शाळेच्या नावानंच फाडा. आधी 1950 ते 1961 ची घ्यावीत, पुढची सवडीनं घेतली तरी चालतील.