जर्मनीला शिकायला येताय? आधी कागदांचा क्रम लावा

ॲडमिशनचं पत्र हातात पडलं की मुलांचे प्रश्न ठरलेले: जॅकेट इथूनच घेऊ की तिकडे येऊन, बॅग किती किलोची चालते, लॅपटॉप कुठला घेऊ. जॅकेट कुठेही मिळतं हो. जर्मनीत सुरुवातीला अडतं ते कागदांवाचून. इथला प्रत्येक कागद आधीच्या कुठल्यातरी कागदावर टेकलेला असतो, त्यामुळे एक राहिला की पुढचे सगळे खोळंबतात.

पहिला कागद एपीएसचा, म्हणजे तुमच्या मार्कशीट आणि डिग्रीची पडताळणी. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी तो सक्तीचा आहे. काही विद्यापीठं अर्जासोबतच मागतात, म्हणून ॲडमिशन होईपर्यंत थांबू नका.

मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच देणारं खातं. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि इथे आल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पण येतात कधी? तुम्ही पोहोचून, इथलं बँक खातं उघडून ते जोडल्यावर. तोवर घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, सेमिस्टरचं शुल्क हे सगळं तुमच्यासमोर उभं राहिलेलं असतं. नुसतं डिपॉझिटच तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, हाताशी वेगळी रक्कम हवीच. कर्ज घेणाऱ्यांनी हे बँकेशी आधीच बोलून ठेवावं. आणि ‘जर्मनीत फी नसते’ हे ऐकून निर्धास्त राहू नका. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे.

आता घर. माझ्या मते तयारीचा निम्मा वेळ यालाच द्यावा. घर म्हणजे नुसतं छप्पर नाही, घर म्हणजे पत्ता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो (त्याचं जर्मन नाव उच्चारायच्या भानगडीत मी पडत नाही). ही नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो, आणि रेसिडेन्स परमिट, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यापर्यंतची पुढची कामं मार्गी लागतात. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारा: इथे आनमेल्डुंग होईल का? ‘खोली आहे, पण नोंद करता येणार नाही’ असं सांगणारे बरेच भेटतात. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं सांगणारेही भेटतात. त्यांना पैसे पाठवायचे नाहीत, फोटो कितीही सुंदर असोत. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक असतात. तिथे अर्ज घेत असतील तर ॲडमिशनच्या दिवशीच टाका, व्हिसाची वाट बघू नका. जाहिरातीतलं भाडं हीटिंग धरून आहे की वगळून, तेही विचारा. आणि खोली मिळाल्यावर टपालपेटीवर आपलं नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि त्यात तुमच्या बँकेचा पिनही असू शकतो.

विम्याच्या बाबतीत घाई नको. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विमा सवलतीत मिळतो. एजंट स्वस्तातला खाजगी विमा सुचवतात, पण सुरुवातीला तो घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतलीत, तर शिक्षण संपेपर्यंत सहसा परतीची वाट नसते. विमा कंपनी तुमची माहिती विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते. ती पोहोचल्याशिवाय नावनोंदणी पूर्ण होत नाही. सरकारी विमा सुरू होण्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा मात्र वेगळा काढा.

पार्टटाइम कामाला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे. पण पहिल्या सेमिस्टरच्या हिशेबात ती कमाई धरू नका. जर्मन येत नसेल तर काम मिळायलाच वेळ जातो.

अभ्यासाचं एकच सांगते. इथे वर्गात बसलात म्हणून परीक्षेला बसता येतं असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची तारीख वेगळी, आणि ती गेली की गेली. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी मिळतात. आवश्यक विषयात तिसऱ्यांदाही नापास झालं, तर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या कोर्सचे परीक्षा नियम वाचून काढा, जर्मनमध्ये असले तरी.

राहता राहिलं रेसिडेन्स परमिट. तुमचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचलाच पाहिजे, आणि त्याची पोच जपून ठेवा. परमिटचं कार्ड हातात यायच्या आत घरी जाऊन यायचं असेल, तर परत येताना कुठला कागद चालेल हे त्या ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर आल्यावरच तिकीट काढा.