सीट नसलेली सायकल

नेहमीचा प्रश्न आधी निकालात काढतो. सायकलला सीट नाही, कारण तिच्यावर बसायचंच नसतं. गिअर नाहीत, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीचा तर विषयच सोडा. दोन चाकं, दोन जबरदस्त ब्रेक, बुटकी फ्रेम आणि रुंद हँडल. हिच्यावरून ऑफिसला निघालात तर दुसऱ्या चौकापर्यंत मांड्या भरून येतील. हिचं काम निराळं: कंबरेएवढ्या दगडावर चढायचं, मागच्या चाकावर उड्या मारत पुढच्या दगडावर जायचं, आणि या सगळ्यात पाय जमिनीला लावायचा नाही. सायकलचं मल्लखांबाशी लग्न लावून दिलं तर जे अपत्य होईल, ते म्हणजे ट्रायल्स.

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर घेतली, तेव्हापासून पिंपरी-चिंचवडचे बरेच इंजिनिअर या पट्ट्यात येऊन-जाऊन असतात. काही माझ्यासारखे रेंगाळतात. माझं काम कॅडवर, म्हणजे संगणकावर भागांची ड्रॉइंग काढण्याचं. दिवसभर स्क्रीनवर पत्रे वाकवतो, पण खऱ्या पत्र्याला बोट लागत नाही. या सायकलीची फ्रेम हौसेने स्वतः बनवायला लागलो, त्याआधी हातात कानस शेवटची धरली होती ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडी तुकडे घासून एकमेकांत बसवायचं काम करताना. तो जॉब आपल्यापैकी किती जणांनी स्वतः केला आणि किती जणांनी वर्कशॉपच्या मामांकडून करून घेतला, हे आपण सगळे जाणतो.

खेळाचं मूळ मोटारसायकलच्या ट्रायल्समध्ये आहे. १९७०च्या दशकात स्पेनमधल्या कॅटलोनियात मोंतेसा मोटारसायकलींवर नाव कमावलेला पेरे पी नावाचा स्वार होता. बाप मोटारसायकलवर जे करतो ते त्याचा मुलगा ओट छोट्या सायकलवर करू लागला. हाच ओट पी पुढे अनेकदा जगज्जेता झाला आणि सायकल ट्रायल्स स्वतंत्र खेळ म्हणून उभा राहिला. आपल्याकडच्या बहुतेकांनी मात्र तो पाहिला डॅनी मॅकॅस्किलमुळे. स्काय बेटावरचा हा पोरगा एडिंबरात सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. २००९च्या एप्रिलमध्ये त्याचा शहरभर उड्या मारतानाचा साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ आला आणि जगभर फिरला. टोकदार लोखंडी कुंपणावरून तो सायकल चालवतो, तो प्रसंग अजूनही फॉरवर्ड होत असतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर तो दर दिवाळीला नव्याने येतो.

चालवण्यापर्यंत ठीक आहे, पण फ्रेम स्वतः का बनवायची? खरं सांगायचं तर हिशेबात हे बसत नाही. कारखान्याची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलकी असते, आणि वेळ, गॅस, हत्यारं सगळं धरलं तर स्वस्तही पडते. गंभीरपणे स्पर्धा खेळणारे पोलादाच्या वाटेला सहसा जात नाहीत. आम्ही काही जण एका शेडमध्ये बनवतो त्या पोलादी फ्रेमा हा हौसेचा मामला. पण हौसेलाही कारणं असतात. एक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला तडा गेला की शेडमध्ये तो सांधून भागत नाही. सांध्याजवळची उष्णता-प्रक्रियेने आलेली ताकद वेल्डिंगच्या आचेने जाते, आणि ती परत आणायला भट्टी लागते. पोलादाची फ्रेम तडकली तर घासा, तुकडा लावा, झाळा (म्हणजे पितळ वितळवून जोडा), पुढच्या रविवारी तयार. दुसरं कारण माझी उंची. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाचा विचार करून फार थोड्या फ्रेमा निघतात.

तिसरं कारण मापांचं, आणि खरी गंमत तिथे आहे. साध्या सायकलीत पायडलचा आस, म्हणजे आपले सायकलवाले ज्याला बीबी म्हणतात तो भाग, दोन चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असतो. ट्रायल्समध्ये तो रेषेच्या वर नेतात. रस्त्यावर खेळायच्या चोवीस इंची चाकांच्या सायकलीत एक-दोन सेंटिमीटर, तर स्पर्धेच्या वीस इंचीत सात सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. बीबी उंच असला की मागच्या चाकावर उभं राहणं सोपं जातं, पण सपाट जमिनीवर स्टुलावर चढल्यासारखं वाटतं आणि वळताना पोटात गोळा येतो. बीबीपासून मागच्या आसापर्यंतची लांबी माउंटन बाइकमध्ये साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे मिलिमीटर असते. सव्वीस इंची ट्रायल्समध्ये ती तीनशे ऐंशीच्या आसपास. ही मापं पाच मिलिमीटरने इकडची तिकडे झाली तरी कळतं. स्क्रीनवर पाच मिलिमीटर म्हणजे माउसचा एक झटका. दगडावर तेच पाच मिलिमीटर पोटरीला समजतात.

आता शेड. इंग्रज पुरुष निवृत्त झाला की घरामागच्या शेडमध्ये राहायला जातो आणि जेवायला तेवढा घरात येतो, असं माझं निरीक्षण आहे. आमच्या शेडचे मालक सत्तरीचे आहेत. तरुणपणी कॉव्हेंट्रीच्या अल्फ्रेड हर्बर्ट कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारी केलेले. एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मशिन टूल (लेथसारखी यंत्रं) कारखान्यांत गणला जाणारा हा कारखाना ऐंशीच्या दशकात बंद पडला. तिथून बाहेर पडताना यांनी काय आणलं असेल तर सवयी. प्रत्येक कानस वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली. पोलादावर वापरायची ती पितळेला लावायची नाही. समोर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथली रीत तशी आहे. मनात मात्र ते काकाच.

काका मला पहिल्यांदा बघून म्हणाले, "घाई असेल तर विकत घे." माझी घाई नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी नळी आणि कानस हातात दिली आणि स्वतः क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसले.

एका नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसायला हवं. त्यासाठी कागदावर छापलेला साचा नळीभोवती गुंडाळतात, कडेने खूण करतात, करवतीने जाडसर कापतात आणि मग अर्धगोल कानशीने उतरवत जातात. चार हात मारले की जोड उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. काकांचा नियम असा की साधा कागदसुद्धा आत शिरता कामा नये. पितळ फट भरून काढतं, पण भरलेली फट म्हणजे कच्चा जोड. वेळ जातो तो इथे. यापुढचं काम डोळ्यांना दिपवणारं असलं तरी तसं झटपट उरकतं.

ऑक्सिजन आणि प्रोपेनची ज्योत. जोडावर फ्लक्सची, म्हणजे तापलेला धातू स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाची, पांढरी पेस्ट फासलेली. आच लागली की ती आधी फुगते, खरखरीत होते, आणि मग एका क्षणी सगळी वितळून पारदर्शक होते. खालचं पोलाद एव्हाना लालभडक झालेलं असतं. त्या क्षणाला पितळी रॉड टेकवायचा. साधारण नऊशे अंशांना तो वितळतो आणि ज्योत जिकडे नेऊ तिकडे वाहतो. पोलादाला वितळायला पंधराशेच्या घरात जावं लागतं, त्यामुळे नळी शाबूत राहते. टिग, म्हणजे विजेच्या आचेचं वेल्डिंग जास्त हलकं आणि सुबक होतं, पण त्यात नळीच वितळवावी लागते. भिंत जेमतेम ०.९ मिलिमीटरची असताना आमच्यासारख्या हौशी हाताला झाळकाम जास्त मानवतं. उष्णतेने फ्रेम एका अंगाला ओढली जाते, म्हणून आधी जागोजागी ठिपक्यांएवढे जोड, मग एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. शेवटी मागच्या एका टोकापासून दोरा निघतो, पुढच्या हेड ट्यूबला (हँडल बसतं त्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या टोकाला येतो. मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं तर फ्रेम सरळ. लेझर वगैरे काही नाही.

नळ्यांचं म्हणाल तर रेनॉल्ड्सचा कारखाना इथून जवळच, बर्मिंगहॅमला. १८४१ साली खिळे बनवण्यापासून सुरू झालेली कंपनी, १९३५ साली त्यांची ५३१ नावाची नळी आली आणि पुढची कित्येक दशकं चांगली सायकल म्हणजे ५३१ असं समीकरण झालं. जग्वारच्या ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही ती होती. त्यांच्या नामांकित नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, वजन वाचावं म्हणून. ट्रायल्सची फ्रेम एवढी आखूड की कापताना जाड टोकच निघून जातं, आणि दगडावर आपटणाऱ्या जागी पातळ भिंत उरते. म्हणून मी सरसकट एका जाडीची साधी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) वापरतो. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मात्र विकतचाच घेतो. फ्रेम तडकली तर ती आधी कुरकुरते, चिमटा तुटला तर थेट तोंडावर. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट या देशात कधी मिळते हे ज्यांना माहीत आहे ते मला भित्रा म्हणणार नाहीत.

या भागात सायकलीचा इतिहास पायाखाली आहे. आजच्या सायकलची आई म्हणावी अशी रोव्हर सेफ्टी सायकल १८८५ साली कॉव्हेंट्रीतच बनली, आणि रोव्हर हे नाव तिथून मोटारींकडे गेलं. आपल्या घरोघरी असलेली हर्क्युलिस मुळात बर्मिंगहॅमची. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारी कंपनी. लहानपणी 'बीएसए एसएलआर'साठी हट्ट करताना हे कुणाला माहीत होतं? बऱ्याच सायकलींच्या बीबीचे आटे आजही बीएसएच्याच मापाचे, १.३७ इंच व्यास आणि इंचाला चोवीस आटे. बीबीचा उजवीकडचा, बेअरिंग धरणारा कप उलट्या आट्यांचा असतो, नाहीतर चालवता चालवता तो सैल होत जातो. माझ्या फ्रेममध्ये मी ते आटे पाडतो तेव्हा तेवढा भाग तरी या भागातल्या जुन्या नियमानेच होतो.

बाकी जोडणीत दोन गोष्टी चमत्कारिक आहेत. फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग, मागच्या चाकात नसतं, पुढे पायडलच्या क्रँकवर (दांड्यावर) असतं, आणि त्याला एका फेरीत ७२ किंवा १०८ ठिकाणी पकड असते. साध्या सायकलीत पायडल मारल्यावर पकड येईपर्यंत किंचित रिकामं फिरतं. उंच दगडाच्या कडेवर तो रिकामा क्षण परवडत नाही. दुसरी गोष्ट ब्रेक. रिमच्या कडा अँगल ग्राइंडरने मुद्दाम ओरबाडून खरबरीत करतात. मग एका बोटाने लिव्हर दाबली की चाक जागच्या जागी थिजतं, आणि असा काही चीत्कार निघतो की पार्कातले कुत्रे आधी आमच्याकडे आणि मग आपापल्या मालकांकडे बघतात.

पहिली फ्रेम व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं शिकून झाळकामच करायचं होतं, तर आयटीआय काय वाईट होतं रे? फी तरी वाचली असती." बाबा मागून म्हणाले, "अगं, छंद आहे तो त्याचा." "छंद असू दे, पण हात बघ त्याचे." आईचं पटत नाही, पण तिच्या बोलण्यातली मेख मला टोचते. आपल्याकडे इंजिनिअर आणि कारागीर यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती आम्ही कौतुकाने उभी केलेली आहे. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने कानस हातात घेतली तर त्याची काहीतरी घसरण झाली, असं आपल्याला मनातून वाटतं. इथे वर्गभेद नाही असं मुळीच नाही, भरपूर आहे. पण आमच्या शेडमध्ये एक भूलतज्ज्ञ बाई आणि एक बसड्रायव्हर एकाच बाकावर काम करतात आणि बाईंचा कानशीचा हात काकांच्या मते अजून कच्चा आहे, हे ते त्यांना तोंडावर सांगतात.

रविवारी क्लबची स्पर्धा असली की जुन्या दगडखाणीत जायचं. रंगीत खुणांनी मार्ग आखलेले, प्रत्येकाशी एक पंच. पाय टेकला की एक गुण, पाच झाले की तो मार्ग संपला. सगळ्यात कमी गुण तो जिंकला. आठ-नऊ वर्षांची पोरं आमच्या डोळ्यांदेखत शून्यावर निघून जातात आणि आम्ही पाच घेऊन चहाच्या थर्मासकडे वळतो. पाऊस असतोच. शेवाळलेल्या ओल्या दगडावर चाक सटकलं की पायडलच्या खिळ्यांची नक्षी नडगीवर उमटते, म्हणून शिनगार्ड घालायचेच, हेल्मेट तर हवंच.

या हुनराचा समाजाला उपयोग झाला तो गणपतीत. इथल्या मंडळाला मखराचा घडीचा सांगाडा हवा होता. कमिटीत तीन मेकॅनिकल इंजिनिअर, त्यातला एक मी. बाकीच्या दोघांनी थ्रीडी मॉडेल पाठवलं. मी उरलेल्या नळ्यांमधून सांगाडा झाळून नेला. काका आरतीला आले होते, मोदक खाल्ले आणि कमानीचा जोड बोटाने चाचपून बघितला.

पुण्यातले दोघेतिघे विचारतात की तिकडे हे जमेल का. जमेल. कॉलेजच्या बाहा (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) टीमची पोरं गाडीच्या पिंजऱ्यासाठी ४१३० क्रोमोलीच आणतात, नळी कुठे मिळते ते त्यांना विचारा. सीमलेस, म्हणजे बिनसांध्याची घ्या. भोसरीत तुमच्या-माझ्यापेक्षा शंभरपट चांगला हात असलेले झाळणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊन आधी नुसते उभे राहा. आणि खेळायला सह्याद्रीत दगडांची वानवा नाही, फक्त गडकिल्ल्यांच्या बांधकामावर चाक घालू नका.

सध्या नवीन फ्रेमची मापं चालली आहेत. बीबी आधीच्यापेक्षा पाच मिलिमीटर खाली घ्यायचा माझा विचार आहे. काका म्हणतात तीन पुरे. बसड्रायव्हर म्हणतो बीबीला हातच लावू नकोस, मागची लांबी कमी कर. शनिवारी नळी कापायची आहे, तोवर ठरवायला हवं.