निळी पडलेली सुरी

लहानपणी दारावर धारवाला आला की आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायचो. सायकल स्टँडवर चढवून तो पायडल मारी, चाकावर सुरी टेकवी आणि ठिणग्यांचा फवारा उडे. त्याखाली आम्ही तळहात धरायचो. भाजत नसे, नुसतं टोचायचं. ते खूळ पन्नाशीपर्यंत डोक्यात राहिलं आणि एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून मी अर्ध्या एचपीचा बेंच ग्राइंडर (मोटरच्या दोन्ही बाजूंना चाक असलेलं धारेचं यंत्र) उचलून आणला.

गॅलरीतल्या टेबलाला बोल्ट मारून बसवला. पहिल्याच सुरीने दिवाळी केली! मी खूश. पाहतो तर टोकाला मोरपंखी निळा डाग. दिसायला सुंदर, पण पोलादाचं पाणी उतरल्याची ती खूण. पातळ धार बघता बघता तापते. रंग आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि निळा दिसला की पारा ३०० अंशांच्या आसपास गेलेला असतो. तिथलं पोलाद मऊ पडतं. मग कितीही घासा, दोन टोमॅटोंत धार मान टाकते.

रात्री हिशेब मांडला. सहा इंची चाक, मिनिटाला २८०० फेरे, म्हणजे कडेचा वेग ताशी ८० किलोमीटर! आणि धारवाला बिचारा पायाच्या जोरावर. शिवाय मधून मधून सुरी डब्यातल्या पाण्यात बुडवायचा. आम्हाला वाटे, धुतोय.

आता मीही शेजारी पाण्याचा डबा ठेवतो. हातमोजे घालत नाही. फिरत्या चाकाजवळ ते घातकच, आणि उघड्या बोटांना पातं किती तापलंय ते लगेच कळतं. ग्राइंडरच्या दुसऱ्या बाजूला कापडी बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, चढवलाय. तिथे चाक पात्याच्या पाठीकडून धारेकडे सरकलं पाहिजे. उलटं धरलंत तर बफ सुरी हिसकावतो. माझी एकदा तुळशीच्या कुंडीत सापडली. (घरात सांगितलेलं नाही.)

एवढं शिकल्यावर आईची विळी मागितली. "त्या गिरणीत माझी विळी घालायची नाही," ती म्हणाली. मग माझी निळी सुरी घेतली, चहाचा कप पालथा घातला, बुडाच्या खरखरीत कडेवर चार वेळा खर्र-खर्र केलं आणि कांदा चिरायला बसली.

मी गॅलरीत, गॉगल लावून उभा.