“ताई, डावा की उजवा?”

“ताई, तुम्ही डावा म्हणता आणि पाय उजवा टाकता!” कराटे क्लासमधली पांढऱ्या पट्ट्याची चिमुरडी आज हे बोलली आणि नवी इन्स्ट्रक्टर एकदम गप्प झाली.

हेइआन शोदान, म्हणजे नवशिक्यांचा ठरलेल्या हालचालींचा क्रम. त्याची पहिलीच हालचाल, डावीकडे वळून गेदान-बराई, हाताने खालचा वार अडवणं. मुलांकडे तोंड करून शिकवताना आरशासारखं उलटं करावं लागतं. ती तेच करत होती, बरोबरच होतं. पण बिचकून तिने बाजू बदलली आणि अर्धी रांग एकीकडे, अर्धी दुसरीकडे.

अशा वेळी सरळ पाठमोरं व्हावं. तीनदा करून दाखवावं, मग वळून नुसतं बघावं.

चूकही एका वेळी एकच सांगावी. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब पाय टाकून उभं राहताना, बहुतेक मुलं दोन्ही पावलं एका रेषेत ठेवतात, दोरीवर चालल्यासारखी. मग कंबर वळत नाही, तोल जातो. खडूने फूटभर अंतरावर दोन समांतर रेघा मारल्या की पाय आपोआप जागेवर येतात. मागची टाच उचलली जातेय, मूठ सैल आहे, हे पुढच्या फेरीत.

शेवटी ती पाठमोरी झाली. “इच! नी! सान!” जपानीतलं एक, दोन, तीन. आवाज पहिल्यांदाच मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

तुम्ही नवशिक्यांना समोरून दाखवता की पाठमोरं?