स्क्रीनशॉटला दर लावताना

तीन वर्षे मोफत चालवलेले माझे वेबसाइटचे स्क्रीनशॉट काढून देणारे साधन या महिन्यापासून सशुल्क झाले आहे. एका पानाचे चित्र काढायला असा काय खर्च येतो, असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे काम आहे.

बाहेरून पाहता पत्ता द्यायचा आणि चित्र घ्यायचे, एवढाच व्यवहार दिसतो. आत मात्र प्रत्येक मागणीसाठी सर्व्हरवर खराखुरा क्रोम ब्राउझर चालतो, फक्त त्याची खिडकी कोणाला दिसत नाही. 2017 मध्ये क्रोममध्ये ही सोय आली, त्याच वर्षी क्रोमला कोडमधून चालवणारी पपेटिअर ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आली, आणि असे साधन लिहिणे एका संध्याकाळचे काम होऊन बसले. कठीण आहे ते रोज चालवणे. क्रिकेटचा धावफलक दाखवणारे पान सतत नवी माहिती मागवत राहते, त्यामुळे ‘पान पूर्ण उघडले’ असा क्षण येतच नाही. साधन तीस सेकंद वाट पाहते, तोवर वापरणारा कंटाळून पुन्हा पुन्हा बटण दाबतो, आणि दरवेळी शेकडो एमबी मेमरी खाणारा आणखी एक ब्राउझर उघडतो. अशाच एका सामन्याच्या रात्री सर्व्हर बंद पडला आणि सकाळपर्यंत कोणाचेच काम झाले नाही.

त्याहून गंभीर गोष्ट मला सर्व्हरवरील मागण्यांच्या नोंदी चाळताना दिसली. कोणीतरी 169.254.169.254 या पत्त्याचा स्क्रीनशॉट मागितला होता. क्लाउडवरील सर्व्हरला स्वतःची माहिती, प्रसंगी पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्यासुद्धा, याच पत्त्यावर मिळतात; त्याचे चित्र बाहेर गेले तर त्या परक्याच्या हाती पडू शकतात. सुदैवाने असे अंतर्गत पत्ते मी आधीच अडवले होते. पण मागणारा कोण, हे कळायला मार्ग नव्हता. नोंदणीविना कोणालाही खुले असलेले साधन पुढे चालवणे योग्य नाही, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

दर ठरवताना मासिक वर्गणीऐवजी मोबाइलसारखा रिचार्ज निवडला. खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम 2021 पासून कडक झाले आहेत, ते ग्राहकाच्या हिताचेच आहेत; पण ज्याला वर्षातून दोनदाच स्क्रीनशॉट लागतात, त्याच्याकडून दरमहा पैसे घेणे मला मुळातच पटत नाही. रिचार्जला मुदत नाही.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो अयशस्वी चित्रांचा. पान वेळेत उघडले नाही तर पैसे कापायचे नाहीत, हे उघड आहे. पण मागितलेले पानच अस्तित्वात नसेल आणि 404 चा संदेश चित्रात आला, तर? ते चित्र खरे आहे, आणि दुवे तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणून ते मोजले जाईल. ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारणारी चौकट आली, तर ते चित्र ग्राहकाच्या काही कामाचे नाही. ते मोजले जाणार नाही. या दोहोंतला फरक ओळखणारा कोड लिहिण्यात दोन आठवडे गेले आणि तो अजूनही अधूनमधून चुकतो. चुकेल तिथे कळवा, खात्यातून वजा झालेला स्क्रीनशॉट परत जमा करीन.

सुरुवातीच्या काळात एका शिक्षिकांनी कळवले होते की, मराठी पानाच्या चित्रात अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात. सर्व्हरवर देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता आणि मी स्वतः मराठी असून एकही मराठी पान तपासले नव्हते. त्याच दिवशी नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवला. आता प्रत्येक बदलानंतर पहिली चाचणी जोडाक्षरांनी भरलेल्या एका मराठी पानाची होते.

नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला महिन्याला पन्नास स्क्रीनशॉट पूर्वीप्रमाणेच मोफत मिळतील. जुना दुवा दिवाळीपर्यंत चालू ठेवतो आहे. ज्यांच्या कोडमध्ये तो आहे, त्यांनी तोवर नवी ‘की’ (साधन वापरण्यासाठीचा सांकेतिक शब्द) घ्यावी.